गाणं थांबलं की ओढायचं

"गा रे ए! शेटजींचे पाहुणे आलेत. जरा खुलून म्हण!"

सुपरवायझर वरून ओरडला. मी खाली, हौदात. मांडीपर्यंत गाळ. कमरेला दोर, हातात खोरं. डोक्यावर चौकोनी भोक आणि त्या भोकातून वाकून बघणारी पाहुण्यांची तोंडं. नाकाला रुमाल लावलेले. रुमालाला अत्तर असणार, पण त्याचा वास काही खालपर्यंत पोचत नव्हता.

एका बाईनं विचारलं, "हा गातोय कशाला?"

"तीच तर गंमत आहे, वहिनी," सुपरवायझर म्हणाला. "या हौदात कधीकधी विषारी वायू धरतो. दिसत नाही. गाणं चालू आहे म्हणजे वायू नाही. गाणं थांबलं की ओढायचं वर. आहे की नाही सोपं?"

सगळे हसले. पाहुण्यांतला एक जण म्हणाला, "मग लावणी म्हणायला सांगा की. मरायचंच तर रंगात मरू दे गड्याला."

परत हसले. त्या हसण्याचा हौदात घुमारा उठला. भिंतीला आपटून ते माझ्याच कानात आलं.

आणि मी लावणी म्हटली. काय करणार? खोरं मारत, तोल सांभाळत, घाणीत उभा राहून मी त्यांना लावणी म्हणून दाखवली. वरून कुणीतरी "वा!" म्हणालं. संध्याकाळी घरी येऊन राखेनं अंग घासलं. गाळाचा वास गेला. ती "वा" गेली नाही. आज एवढी वर्षं झाली, अजून गेलेली नाही.

हा कारखाना सरसाचा. पिंपरीच्या अलीकडं, पवनेच्या अंगाला. पन्नास आणि साठच्या मधली ती वर्षं. माळावर शेडी नव्या उठत होत्या. शेतकऱ्यांची पोरं पायजमा घालून कंपनीत जायला लागली होती. सरस म्हणजे सुतार लाकूड चिकटवायला वापरतो तो. कातड्याचे तुकडे आणि हाडं गाडीनं यायची. चुन्यात भिजवायची, धुवायची, कढवायची. धुतलेलं पाणी जमिनीखालच्या हौदात जायचं. त्याचा तळाला गाळ बसायचा, आणि तो उपसायचं काम आमचं. आमचं म्हणजे कुणाचं, हे सांगायला नको. यंत्रं नवी, पत्रे नवे, भोंगा नवा. पण हौदात कोण उतरणार हे मात्र जुनंच.

मी चिखलीचा. गावात मेलेलं ढोर ओढायचं काम आमच्याकडं होतं. ते नको, माणसासारखं जगावं, म्हणून कारखान्यात आलो. इथं येऊन बघतो तर ढोराचं कातडं आमच्या आधी येऊन बसलेलं! माझ्याबरोबर माझा मामेभाऊ सावळा. आम्ही दोघं बरोबरीचे. शिवारातनं पायी जायचो, पायी यायचो. मी बडबड्या, तो मुका म्हणावा इतका गप्प.

माझा बाप जलशात गायचा. गळा त्याच्याकडून आलेला. आमच्याआधी हौदात एक माणूस उतरला होता, तो खाली चक्कर येऊन पडला आणि वर कुणाला कळलंच नाही. बराच वेळ कळलं नाही. वाचला, पण कामावर परत आला नाही. तेव्हा सुपरवायझरनं ही युक्ती काढली. उतरणाऱ्यानं बोलत राहायचं. पण बोलून बोलून माणूस काय बोलणार? मग म्हणाला, गा. माझा गळा ऐकला आणि म्हणाला, "अरे, हा तर रेडिओच आहे आपला!" तेव्हापासून उतरायचं मी आणि दोर धरायचा सावळ्यानं. शेटजींना युक्ती भारी आवडली. कुणी पाहुणा आला की त्याला बॉयलर दाखवायचे, कढया दाखवायचे आणि मग मला दाखवायचे.

हौदाला सडक्या अंड्यासारखा वास यायचा. जुनी माणसं सांगायची, वास येतोय तोवर ठीक, वास यायचा थांबला की पळ. म्हणजे ती विषारी हवा आधी नाक मारते आणि मग माणूस मारते. पण खाली उतरलेल्यानं नाकाकडं लक्ष द्यायचं की गाण्याकडं?

अशात एकदा हौदाची भिंत आतून फुटली. बांधायला गवंडी बोलावला. हा गवंडी चांगल्या घरचा, गावच्या पाटलाच्या भावकीतला. त्यानं सांगितलं, आधी हौद साफ करून, धुऊन द्या, मग मी पाय ठेवीन. मग मी उतरलो. गात गात सगळा गाळ काढला, सावळ्यानं वरून बादल्या दिल्या, भिंती घासून धुतल्या. दुसऱ्या दिवशी गवंडी आला.

आणि मी काय बघतो! स्टोअरातून एक पंखा आला. लोखंडी, हातानं फिरवायचा, पुढं कॅनव्हासची जाडजूड नळी. नळी हौदात सोडली आणि आम्हालाच पंखा फिरवायला लावला. सकाळभर ताजी हवा आत सोडली. मग सुपरवायझरनं एक चपटी डबी आणली. डबीत पांढऱ्या कागदाच्या पट्ट्या. एक पट्टी पाण्यात भिजवली, सुतळीला बांधली, हौदात सोडली. जरा वेळानं वर काढली. उजेडात धरून बघितली. पांढरी स्वच्छ.

"हं, आता उतरा तुम्ही," तो गवंड्याला म्हणाला. तुम्ही!

गवंडी मोकळा माणूस. हसून म्हणाला, "मग, गाऊ काय मीबी?"

"छे छे! तुम्ही कशाला?"

मी फिटर इस्माईलभाईंकडं बघितलं. पंखा त्यांनीच जोडून दिला होता. चिंचवडचे, उमरीनं आमच्याहून मोठे, कारखान्यात आमच्या हातचं पाणी पिणारे ते एकटेच. मी हळूच विचारलं, "भाई, ह्ये कवा आलं?"

"अरे भावा, कधीचं आलंय," ते म्हणाले. "सरकारी इन्स्पेक्टरनं घ्यायला लावलं. पट्टी काळी पडली तर माणूस उतरवायचा नाही. पंखा लावायचा, परत पट्टी सोडायची, पांढरी निघाली तरच माणूस. असा कायदा हाय. स्टोअरात धूळ खात पडलं होतं सगळं."

माझ्या डोक्यात कुणीतरी दगड घातल्यासारखं झालं. म्हणजे हे होतं. मी गाळात उभा राहून लावण्या म्हणत होतो तेव्हा ही डबी होती, वीस पावलांवर, कुलपात.

दुपारी सुपरवायझर चहा पीत बसला होता. मी लांब उभा राहिलो आणि विचारलं, "साहेब, आमी उतरतो तवा ह्यो कागद का न्हाई सोडत?"

तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं. लहान मुलाला समजावतात तसं त्यानं मला समजावलं. "अरे, तुम्हा लोकांना सवय असते. तुमच्या छात्या या घाणीलाच बनलेल्या. त्या गवंड्याला काही झालं तर उद्या सगळं गाव अंगावर येईल माझ्या."

आणि परत बशीत चहा ओतून प्यायला लागला.

खोटं नव्हता बोलत तो. गाव आलंच असतं. आमच्यामागं कोण येणार होतं? मी तिथून निघालो. पंखा पुसून ठेवायचा होता, तो पुसून ठेवला. आतून नुसता जळत होतो. सावळ्याला वाटेत म्हणालो, "आता उतरायचं न्हाई. कागद सोडला तरच उतरायचं." सावळ्या मोशीच्या बाजूच्या टेकाडाकडं बघत चालत राहिला. मग म्हणाला, "पोर हाय रं मला." एवढंच म्हणाला. त्याला मुलगी झालेली, अजून रांगतही नव्हती.

पुढचा उपसा निघाला तेव्हा माझा घसा बसला होता. थंडीचे दिवस, चुन्याची धूळ. आवाजच फुटेना. सुपरवायझर सावळ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "रेडिओ बिघडला वाटतं. मग ह्याला उतरव."

सावळ्या म्हणाला, "मला गानं येत न्हाई, साहेब."

"येईल ते म्हण. आवाज आल्याशी कारण."

मी घोगऱ्या आवाजात म्हणालो, "साहेब, कागद..."

"तू गवंडी आहेस का रे?" तो म्हणाला. स्टोअरकीपर हसला. तिथं एक कारकून उभा होता, तोही हसला.

सावळ्यानं माझ्याकडं बघितलं. दोराची गाठ स्वतःच ओढून बघितली आणि उतरला. मी दोर धरला. खालून खोऱ्याचा आवाज आला, आणि मग त्याचं गाणं.

त्याला खरंच एकही गाणं येत नव्हतं. लावणी नाही, अभंग नाही, काही नाही. येत होती ती अंगाई. त्याची बायको चंद्रा पोरीला झोळीत घालून म्हणायची, ती. ऐकून ऐकून त्याला पाठ झालेली. चाल चुकत होती, आवाज फाटत होता. एवढा थोराड माणूस गाळ उपसत अंगाई म्हणत होता.

वरच्यांना हसू आवरेना. "अरे, हा तर गाळाला झोपवतोय!" सुपरवायझर म्हणाला. कारकून पोट धरून हसला. कढईवरची माणसंही काम सोडून ऐकायला आली. खाली सावळ्या खोरं मारत होता. त्या खेपेला गाळ जुना होता, बरेच दिवस साचलेला. खोरं मारलं की बुडबुडे फुटल्याचा आवाज वरपर्यंत यायचा.

गाणं हळू झालं. एक ओळ अर्धीच राहिली. मग थांबलं.

"झोपलं वाटतं बाळ!" सुपरवायझर म्हणाला.

आणि सगळे हसले. देवाशपथ सांगतो, देव आता मानत नाही तरी सांगतो, हसले. मी दोर ओढायला लागलो. तो म्हणाला, "अरे थांब जरा, पुढची ओळ आठवत असेल." मी थांबलो नाही. दोर जड लागत होता. माणूस स्वतः पाय मारत वर येतो तेव्हा दोर हलका लागतो. हा मेल्या जनावरासारखा जड होता. मी ओरडलो, पण घशातून आवाज कुठं येत होता! इस्माईलभाई धावत आले. त्यांनी आणि मी मिळून त्याला वर काढला.

चुन्याच्या ढिगाशेजारी त्याला आडवा केला. ओठ निळे. तोंडात गाळ. इस्माईलभाई त्याची छाती दाबत राहिले, पालथा घालून पाठ दाबत राहिले. मी त्याचे पाय चोळत होतो. कशाला पाय चोळत होतो कुणास ठाऊक. बऱ्याच वेळानं इस्माईलभाईंनी हात काढून घेतले आणि डोक्यावरची टोपी काढली.

सुपरवायझर लांबूनच म्हणाला, "ताडी पिऊन आला असेल."

ताडी! आमच्या वस्तीनं देव गाठोड्यात बांधून इंद्रायणीत सोडले, त्या दिवसापासून सावळ्यानं दारूचा थेंब तोंडाला लावला नव्हता. त्याआधी प्यायचा, खोटं कशाला बोलू. पण नंतर नाही. मेलेल्या माणसाच्या तोंडाचा गाळही पुसला नव्हता आणि ह्यानं त्या तोंडाला ताडीचा वास लावला.

इस्माईलभाई जाताना मला म्हणाले, "गाताना माणूस दम भरून घेतो, भावा. जेवढं गाणं मोठं, तेवढी हवा आत." ते सहज बोलून गेले. खुलून म्हण, खुलून म्हण, असं जे वरून सांगायचे ते म्हणजे काय होतं, ते मला तेव्हा कळलं. आम्हाला वाचवायला म्हणून जे गाणं लावलं होतं, तेच आमच्या छातीत विष ओढत होतं.

मयत घरी नेली. चंद्रा रडली नाही आधी. पोरगी काखेत घेऊन माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि विचारलं, "भावजी, शेवटाला काय म्हनत व्हते वो त्ये?"

मी सांगितलं, "अंगाई म्हनत व्हता."

"मी म्हन्ते ती?"

"व्हय."

मग ती खाली बसली आणि जी किंचाळली, ती किंचाळी मी कुणाला सांगू? वरची माणसं हसत होती, हे मी तिला सांगितलं नाही. सांगायला तोंड पाहिजे ना. हसणाऱ्यांनी हसून घेतलं, आणि त्याची लाज मात्र मला वाटत होती. असं असतं बघा आमचं. लाजसुद्धा त्यांची आम्हीच वाहायची.

माती दिली आणि कामावर गेलो. घरात दोन चुली होत्या आता माझ्या जिवावर, माझी आणि चंद्राची. सुपरवायझर हौदाच्या तोंडाशी उभा होता. कढईवरची आमची माणसं पाट्या घेऊन तिथंच होती. मला बघून तो म्हणाला, "ये. घसा सुटला ना? त्याचं खोरं आत राहिलंय. कंपनीचं आहे ते. उतर आणि काढ. उपसाही राहिलाय अर्धा."

सावळ्याचं नावही घेतलं नाही त्यानं. खोऱ्याची आठवण होती.

दोर त्यानंच माझ्याकडं फेकला. तोच दोर. त्याच्यावर गाळ वाळला होता. मी तो उचलला नाही.

"कागद सोडा," मी म्हणालो.

"काय?"

"आधी कागद सोडा."

"माजलास काय रे? एक माणूस काय गेला, अंगात आलं सगळ्यांच्या!"

तेवढ्यात इस्माईलभाई स्टोअरातून बाहेर आले. हातात ती चपटी डबी. स्टोअरकीपर मागून "अहो, अहो" करत येत होता. भाई कुणाशी काही बोलले नाहीत. डबी माझ्या हातावर ठेवली आणि बाजूला उभे राहिले. मी पट्टी पाण्यात भिजवली. सुतळीला बांधली. पट्टी हौदात सोडली. बॉयलरचा आवाज तेवढा येत होता.

वर काढली तेव्हा ती तव्याच्या बुडासारखी काळी झाली होती.

मी ती सुपरवायझरच्या समोर धरली. त्यानं बघितली. तोंड जरा उतरलं. मग म्हणाला, "जुने कागद आहेत ते. पडून पडून खराब झाले असतील. काही होत नाही. उतर तू."

"मग तुमी उतरा," मी म्हणालो. "गात उतरा. आमी वर थांबतो. गानं थांबलं की ओढतो."

त्यानं हात उगारला. मी मागं सरलो नाही. माझ्या बाजूला पाटी आपटल्याचा आवाज झाला. मग आणखी एक. आमच्या माणसांनी पाट्या खाली टाकल्या होत्या. कुणी घोषणा दिली नाही, कुणी पुढं आलं नाही. नुसते उभे राहिले. त्याचा हात हवेतच राहिला आणि मग त्यानं तो खिशात घातला. आणि गंमत बघा, त्या घाबरलेल्या माणसाला दुसरं काही सुचलं नाही. तो ओरडला, "गा!"

सवय. त्यालाही सवय झाली होती.

मी तोंड मिटलं. मी हौदाच्या काठावर होतो, वर, उजेडात, माझे दोन पाय कोरड्या जमिनीवर. गाणं थांबलं म्हणजे माणूस मेला, असा त्यांचा हिशोब होता. मी गाणं थांबवलं आणि त्यांच्यासमोर जिवंत उभा राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं की माझा गळा माझा आहे.

मला त्याच दिवशी गेटबाहेर काढलं. सुपरवायझर तिथंच राहिला, पुढं बढतीही मिळाली म्हणे. सावळ्याच्या मरणाला कुणालाच जबाबदार धरलं गेलं नाही. त्या हौदावर मात्र त्यानंतर पंखा लावल्याशिवाय कुणी उतरलं नाही, हे मला इस्माईलभाईंनी सांगितलं. सावळ्या गेल्यावर लागला तो पंखा. ह्याचं मला समाधान मानायला सांगू नका. मी मानत नाही.

पुढं मी पुष्कळ कारखान्यांत राबलो. पिंपरीपासून चाकणच्या वाटेपर्यंत जिथं माळ होता तिथं भोंगे वाजायला लागले. जिथं जिथं हौद, टाकी, विहीर, बंद खोली दिसली, तिथं मी आधी विचारलं: हवा कशानं तपासता? काही ठिकाणी नीट उत्तर मिळालं. काही ठिकाणी माझ्याकडं बघून हसले. पुढारी आला, म्हणाले. दोन जागी कामावरनं काढलं. काढा. मी विचारायचं सोडलेलं नाही आणि सोडणार नाही.

सावळ्याची पोर आता मोठी झाली, हायस्कुलात जाते. एकदा तिनं मला म्हटलं, "काका, आई म्हन्ती तुमचा गळा लई चांगला. म्हना की एखादं." मी तिच्यासाठी म्हटलं. अंगणात बसून, तिच्या शेजारी, म्हटलं. तिच्यासाठी म्हणीन, वस्तीत म्हणीन, जलशात म्हणीन, गळा फुटेस्तोवर म्हणीन.

पण तुम्ही काठावर खुर्च्या टाकून, नाकाला रुमाल लावून, खालून माझा आवाज येण्याची वाट बघत असाल, तर बघत बसा. आधी कागद सोडा. पांढरा आला तर मी उतरेन, गप्प उतरेन, माझं काम करून वर येईन. काळा आला तर हा दोर इथं ठेवलाय. कमरेला बांधा आणि तुम्ही उतरा.

दोर मी धरतो. हसणार नाही.